शनिवारी घाणा बंद! कोकणातल्या ज्यू तेल्यांकडून 'नाही' म्हणायला शिकूया



लाकडी घाण्याच्या व्हिडिओनंतर अवसरी खुर्द, मंचर, नारायणगाव या पट्ट्यातून सगळ्यात जास्त विचारलं गेलं ते मशीनबद्दल नाही, सबसिडीबद्दलही नाही. प्रश्न असा होता : "सर, शुद्ध तेल विकून परवडतं का? शेजारचा मारतो, आम्ही नाही मारलं तर टिकू का?"

'मारतो' म्हणजे काय हे या धंद्यातल्याला सांगावं लागत नाही. शेंगदाणा तेलात स्वस्त रिफाइंड किंवा पाम मारायचं. वर लेबल 'लाकडी घाण्याचे शुद्ध तेल'.

आज मी मशीनवर बोलणार नाही, या दबावावर बोलणार आहे. आणि उदाहरण देणार आहे ते आपल्याच महाराष्ट्रातलं, घाण्याच्याच धंद्यातलं. फक्त ही माणसं ज्यू होती.

आधी हिशोब, मग धर्म

नैतिकतेवर बोलणारे बरेच जण हिशोब टाळतात. मला ते पटत नाही. मोह किती रुपयांचा आहे हे माहीत नसेल तर त्याच्याशी लढणार कसं?

धरून चला की शेंगदाणे १२० रुपये किलो मिळाले. लाकडी घाण्यावर एक लिटर तेलाला साधारण अडीच किलो दाणे लागतात. झाले ३०० रुपये. दीड किलोच्या आसपास पेंड निघते, ती ४० रुपयांनी गेली तर ६० रुपये परत. राहिले २४०. मजुरी, वीज, बाटली, लेबल मिळून ५० धरा. लिटरमागे खर्च २९०. तुम्ही विकता ३४० ला. लिटरला ५० रुपये सुटले. रोज १० लिटर, महिन्याला २६ दिवस, म्हणजे १३,००० रुपये. (तुमचे आकडे वेगळे असतील, वही काढा आणि तुमचे टाका.)

आता दहा लिटरमध्ये तीन लिटर रिफाइंड मारलं. ते १४० ने मिळालं असं धरा. लिटरमागे १५० वाचले, दिवसाला ४५०, महिन्याला ११,७००. कष्ट वाढले नाहीत, मशीन तेच, गिऱ्हाईक तेच आणि कमाई जवळजवळ दुप्पट. वर बँकेचा हप्ताही नेमका त्याच आकड्याच्या आसपास असतो. म्हणजे मोह असा हप्त्याच्या मापाचा कपडा शिवून दारात उभा राहतो.

म्हणून कोणी मला म्हणालं की "प्रामाणिक राहा, सगळं आपोआप चांगलं होईल", तर मी हात जोडतो. ११,७०० रुपये आपोआप होत नाहीत. ते सोडायला ताकद लागते. ती कुठून आणायची हा खरा प्रश्न आहे.

शनवार तेली

अलिबागला फिरायला गेला असाल तर तिथली इस्रायल आळी बघितली असेल. तिथे ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ, म्हणजे सिनेगॉग आहे. जवळच नवगाव. बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं जहाज या किनाऱ्याजवळ फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, धर्मग्रंथ समुद्रात गेले. हे कधी घडलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही, दोन हजार वर्षांपासून ते बऱ्याच अलीकडच्या काळापर्यंत वेगवेगळी मतं आहेत. पण पुढची गोष्ट पक्की आहे. ही माणसं कोकणातल्या गावागावांत स्थायिक झाली, मराठी बोलू लागली, आडनावं गावांवरून घेतली. किहीमचे किहीमकर, दिव्याचे दिवेकर, झिराडचे झिराडकर, पेणचे पेणकर. आणि त्यांतल्या पुष्कळांनी धंदा धरला तेलाच्या घाण्याचा.

ज्यू धर्मात शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी रात्र पडेपर्यंत शब्बाथ. त्या वेळात काम नाही. म्हणून यांचा घाणा शनिवारी बंद. गावाने त्यांना नाव दिलं 'शनवार तेली'. दुसरे तेली होते ते सोमवार पाळायचे, महादेवाचा वार म्हणून. ते 'सोमवार तेली'.

आता धंदेवाईक डोक्याने विचार करा. आठवड्यातला एक दिवस बंद म्हणजे सातवा भाग उत्पादन गेलं. बैल उभा राहिला तरी वैरण खातोच. त्यांच्याकडे ग्रंथ नव्हते, शिकवणारा रब्बी नव्हता, विचारणारा कोणी इन्स्पेक्टर नव्हता. एखाद्या शनिवारी गुपचूप दोन तास घाणा फिरवला असता तर जगात कुणाला कळलं असतं? तरी पिढ्यान्‌पिढ्या शनिवार पाळला गेला. बाकी प्रार्थना बहुतेक विसरल्या होत्या, 'शेमा' नावाच्या प्रार्थनेचे मोजके हिब्रू शब्द तेवढे तोंडात राहिले होते. वार मात्र विसरले नाहीत.

आणखी एक. शब्बाथची आज्ञा फक्त मालकाला नाही. ज्यू धर्मग्रंथात स्पष्ट आहे की त्या दिवशी नोकरालाही विश्रांती आणि बैलालाही. आपला भाग बैलगाड्यांचा, बैलाचं मोल तुम्हाला मी काय सांगणार. आपण बैलाला पोळ्याला ओवाळतो, त्या दिवशी त्याच्या खांद्यावर जू ठेवत नाही. या तेल्यांच्या बैलाला वर्षाला बावन्न सुट्ट्या होत्या! ज्या मालकाला स्वतःच्या बैलाचाही हक्क मान्य आहे, तो गिऱ्हाइकाला फसवायला सहज तयार होईल असं मला वाटत नाही. हे माझं मत आहे, इतिहास नाही.

त्यांना जमलं कसं?

ते आपल्यापेक्षा महान होते, हे उत्तर सोपं आहे आणि काही कामाचं नाही.

माझं निरीक्षण असं आहे की ते दर शनिवारी निर्णय घेत नव्हते. निर्णय आधीच झालेला होता. शनिवार उजाडला, समोर तिळाचं पोतं आहे, गिऱ्हाईक थांबलंय, घरात पैशाची चणचण आहे, अशा वेळी "आज चालवू का नको" असा विचार करायचाच नाही, कारण तो विचार करायला बसलो की आपण हरलो. तुमचंही तसंच आहे. हप्त्याच्या आदल्या रात्री अकरा वाजता मिसळायचं की नाही हे ठरवायला बसाल तर मन बरोबर 'फक्त या महिन्यापुरतं' असं सांगेल. मन हुशार असतं, ते कधीच 'कायमचं चोर हो' म्हणत नाही.

दुसरं, त्यांचा नियम सगळ्या गावाला माहीत होता. इतका माहीत की जातीचं नावच त्यावरून पडलं. शनिवारी तेल काढून द्या म्हणून आग्रह करायला कोण येणार? पंचक्रोशीला ठाऊक की हे शनवार तेली आहेत. तुमचा नियम गुपित असेल तर त्याची रोज परीक्षा होते. तो दुकानाच्या पाटीवर असेल तर निम्मे लोक विचारतच नाहीत.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्या काळच्या कोकणात प्रत्येक जातीचा वेगळा वार, वेगळं खाणं, वेगळी रीत असायची. त्यामुळे शनिवार पाळणारे लोक कुणाला विचित्र वाटले नाहीत, कुणी त्यांना छळलं नाही. युरोपात ज्यूंना जे भोगावं लागलं तसं इथे झालं नाही. म्हणजे शेजाऱ्यांनीही साथ दिली. आतली ताकद ही सगळी आतूनच येते असं समजू नका. थोडी आजूबाजूच्या माणसांकडून उसनी मिळते.

आणि उलट बाजूही बघा. पुढे यातली बरीच कुटुंबं मुंबईला गेली, पलटणीत, सरकारी कचेरीत नोकरीला लागली. तिथे सुट्टी रविवारची. शनिवारी हजर राहावं लागायचं. घाण्यावर टिकलेला शनिवार नोकरीत टिकवणं अवघड झालं. याचा अर्थ ती माणसं कमकुवत झाली असा नाही. घाण्याची चावी स्वतःच्या कमरेला होती, ऑफिसची चावी साहेबाकडे होती, एवढाच फरक. तुम्ही धंदा का करताय असं मी प्रत्येक बॅचला विचारतो. पैसा, मानसन्मान, स्वातंत्र्य अशी उत्तरं येतात. स्वातंत्र्य म्हणजे उशिरा उठणं नव्हे हो. 'माझ्या शेडमध्ये हे होणार नाही' असं म्हणायचा हक्क नोकरदारापेक्षा तुम्हाला जास्त आहे. तो वापरणार नसाल तर नोकरी काय वाईट?

मासळीची परीक्षा

बेने इस्रायल लोकांत एक आठवण सांगतात. डेव्हिड राहाबी नावाचा एक ज्यू गृहस्थ कोकणात आला. त्याला शंका आली की हे तेली मूळचे ज्यू असावेत. त्याने परीक्षा म्हणून बायकांना मासळी दिली आणि शिजवायला सांगितली. ज्यू नियमाप्रमाणे ज्या माशाला पर आणि खवले दोन्ही आहेत तोच चालतो. बायकांनी खवले नसलेले मासे बाजूला काढले, हे आम्ही खात नाही म्हणाल्या. राहाबीची खात्री पटली आणि मग त्याने त्यांना विसरलेला धर्म पुन्हा शिकवायला सुरुवात केली.

ही परंपरेतली गोष्ट आहे, पण मला यातलं एक फार आवडतं. परीक्षा चालू आहे हे त्या बायकांना माहीतच नव्हतं. भाषण देऊन 'आम्ही कोण' हे सांगायची वेळ आलीच नाही. टोपलीतली कोळंबी बाजूला सारली, एवढंच. तुमच्या ब्रँडची ओळखही तुमच्या माहितीपत्रकातून होत नाही, तुम्ही काय बाजूला सारता त्यावरून होते.

माप पुसणारे दुकानदार

ज्यू लोकांच्या जुन्या ग्रंथांत धंद्याबद्दल इतकं बारीक लिहिलंय की वाचून मला आपल्या बाजार समितीची आठवण झाली. मिश्ना म्हणजे साधारण १,८०० वर्षांपूर्वी संकलित झालेला त्यांचा नियमग्रंथ. त्यात दुकानदाराला सांगितलंय की मापं आठवड्यातून दोनदा पुसून काढ, वजनं आठवड्यातून एकदा घासून घे आणि तराजू प्रत्येक वजनानंतर पूस.

का? तेल, मध असलं काही मोजलं की मापाच्या आत थर चिकटतो. थर वाढला की मापात माल कमी मावतो. दुकानदाराने मुद्दाम काही केलं नाही, तरी गिऱ्हाईक फसतं. म्हणजे 'मी फसवलं नाही' एवढं पुरत नाही, फसवणूक आपोआप होऊ नये याची व्यवस्थाही तूच कर, असा तो विचार आहे. १,८०० वर्षांपूर्वीचा क्वालिटी कंट्रोल!

आपल्याकडचं उदाहरण देतो. एक लिटर शेंगदाणा तेलाचं वजन किलोभर नसतं, ९१० ग्रॅमच्या आसपास असतं. पंधरा लिटरचा डबा म्हणजे साधारण १३ किलो ६५० ग्रॅम. गिऱ्हाईक 'पंधराचा डबा' मागतं, त्याच्या डोक्यात किलो असतात, तुमच्या डोक्यात लिटर. दोघांपैकी कोणीच खोटं बोलत नाही आणि १ किलो ३५० ग्रॅमचा फरक कुणाच्या तरी खिशातून जातो. डब्यावर लिटर आणि किलो दोन्ही मोठ्या अक्षरात लिहा. हे मिश्नाचं माप पुसणंच आहे. आणि काट्याच्या पडताळणीचा शिक्का वेळेवर मारून घ्या, तारीख उलटली की 'बघू पुढच्या महिन्यात' करू नका.

तालमूद या त्यांच्या आणखी मोठ्या ग्रंथात अजून एक नियम आहे. तो वाचून मी हसलो आणि मग गंभीर झालो. खोटं माप घरात ठेवायचंच नाही. विकायला वापरत नसलात तरी नाही. अगदी रात्री लघवीचं भांडं म्हणून वापरत असलात तरी नाही! कारण भांडं घरात असलं की एक दिवस घाईत, गर्दीत, किंवा तुमच्या मागे तुमचा गडी ते उचलून वापरणार.

किती ओळखलंय माणसाला. म्हणून घाणेवाल्यांना माझा आग्रह आहे, शेडमध्ये रिफाइंडचा डबा ठेवूच नका. गड्यांच्या भज्यांसाठीसुद्धा नको. तो घरी स्वयंपाकघरात ठेवा. मोहाशी कुस्ती करून जिंकण्यापेक्षा त्याला आखाड्यात येऊच न देणं शहाणपणाचं.

महत्त्वाकांक्षा पाप आहे का?

हा प्रश्न आपल्या पोरांना छळतो. अवसरीच्या इंजिनीअरिंग कॉलेजातून, पॉलिटेक्निकमधून बाहेर पडलेली मुलं घरच्या धंद्यात येतात, वाढवू म्हणतात, तर घरातले म्हणतात हाव बरी नव्हे. मग एक तर पोरगं गप्प बसतं, नाहीतर "धंद्यात सगळं चालतं" म्हणून दुसऱ्या टोकाला जातं.

ज्यू परंपरेत माणसाच्या आत दोन ओढी मानल्या आहेत, एक चांगल्याची, एक वाईटाची. पण त्यांचे जुने भाष्यकार गंमत करतात. ते म्हणतात, ती दुसरी ओढ नसती तर कुणी घर बांधलं नसतं, लग्न केलं नसतं, धंदाही केला नसता. म्हणजे ती मारून टाकायची नाही, तिला वेसण घालायची. बैल मारून शेत नांगरता येत नाही. बलवान कोण, तर जो स्वतःच्या या ओढीवर स्वार होतो तो, अशी त्यांची व्याख्या आहे.

आणि त्यांच्याच एका ऋषीने सांगितलंय की मेल्यानंतर देवाच्या दारात माणसाला पहिला प्रश्न प्रार्थनेचा विचारत नाहीत. देणंघेणं प्रामाणिकपणे केलंस का, हे आधी विचारतात. मला हे फार बरं वाटलं. आपल्याकडे धंदा आणि देव असे दोन वेगळे कप्पे करायची सवय आहे. सकाळी गल्ल्याला उदबत्ती, दुपारी मापात मारामारी. तुकोबांचं घराणंही सावकारी-वाण्याचं होतं आणि आपल्या वाट्याची कर्जखतं त्यांनी इंद्रायणीत सोडली असं त्यांची चरित्रं सांगतात. म्हणजे ही गोष्ट आपल्यालाही परकी नाही, आपण ती फक्त कीर्तनापुरती ठेवली.

योसेफ नाही म्हणाला तेव्हा

बायबलच्या जुन्या भागात योसेफची गोष्ट आहे. भावांनी विकलेला, परक्या इजिप्तमध्ये गुलाम. मालकाने विश्वासाने सगळं घर हाती दिलं. मालकाची बायको त्याच्या मागे लागली, रोज. तो एकटा, तरुण, कोणी बघत नाही. त्याने नकार दिला.

सिनेगॉगमध्ये हा भाग ठरलेल्या सुरांत वाचतात. 'त्याने नकार दिला' या शब्दावर एक फार दुर्मिळ सूर येतो, लांबच लांब, वर-खाली थरथरणारा. सगळ्या तोरामध्ये तो फक्त चार ठिकाणी आहे. जाणकार याचा अर्थ असा लावतात की नकार सहज निघाला नाही, आत ओढाताण झाली. म्हणजे ज्याला मोहच होत नाही तो थोर, असं तिथे नाही. आवाज कापला तरी 'नाही' हे 'नाही'च असतं. तुम्हाला नकार देताना घाम फुटत असेल तर लाजू नका.

तालमूद पुढे सांगतं की त्या क्षणी योसेफला खिडकीत बापाचा चेहरा दिसला. तत्त्वज्ञान आठवलं नाही, नियम आठवला नाही, बाप आठवला. आमच्या एका बॅचमधल्या ताईने बाटलीच्या लेबलवर स्वतःच्या सासूबाईंचं नाव छापलंय. म्हणाल्या, "सर, आता या बाटलीत दुसरं काही टाकायला हातच होत नाही." योसेफच्या खिडकीची ही मला माहीत असलेली सगळ्यात स्वस्त आवृत्ती आहे.

पण गोष्ट इथे थांबत नाही, आणि हे मोटिव्हेशनवाले सांगत नाहीत. नकाराचं बक्षीस म्हणून योसेफला तुरुंग मिळाला. खोटा आळ आला आणि काही वर्षं गेली. तुम्ही नाही म्हणालात तर ऑर्डर जाईल. कदाचित परत येणारही नाही. शुद्ध तेलाला गिऱ्हाईक मिळेपर्यंत खिशात दम लागतो, म्हणून मी सगळ्यांना सांगतो की कर्ज काढताना हप्ता असा ठेवा की निम्म्या विक्रीतही भरता येईल. मोठा घाणा, मोठी शेड, मोठा हप्ता घेऊन बसलेला माणूस मनाने कितीही चांगला असला तरी त्याच्या 'नाही'चा आवाज बारीक होतो. मला तर वाटतं अर्धी नैतिकता कर्जाच्या अर्जावरच ठरते.

आपल्याच माणसांचा दबाव

बाहेरच्या मेसवाल्याला नाही म्हणणं त्यातल्या त्यात सोपं. "आपलाच आहेस ना रे, बिल कशाला" म्हणणारा मामा, "एवढं कोण बघतंय" म्हणणारा भाऊ, हे अवघड.

बेने इस्रायल लोकांनी हेही भोगलंय. १९४८ नंतर त्यांतले हजारो लोक इस्रायलला गेले. आपल्या देशात, आपल्या लोकांत आलो असं वाटत असतानाच तिथल्या धर्मपीठाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला यांच्या लग्नांच्या वेळी पूर्वजांची चौकशी करायचे आदेश काढले. तुम्ही पुरते ज्यू आहात का, अशी शंका! ज्यांनी ग्रंथाशिवाय शनिवार जपला त्यांना हे विचारलं गेलं. त्यांनी काय केलं? ज्यूपण सोडलं नाही आणि अपमानही गिळला नाही. १९६४ मध्ये जेरुसलेममध्ये धरणं धरलं, उपास केले. जगाने बघितलं की ही मंडळी भारतातून आलेली आहेत. त्याच वर्षी इस्रायलच्या संसदेत पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांनी जाहीर केलं की बेने इस्रायल सर्व बाबतीत ज्यूच आहेत, आणि तो खास उल्लेख असलेला आदेश बदलावा लागला.

ओरडायचं नाही, नातं तोडायचं नाही, पण उठायचंही नाही. मामाला चहा पाजा आणि बिल फाडा. दोन्ही एकाच वेळी करता येतं.

त्या मेसवाल्याला काय उत्तर द्यायचं?

आता शेवटचा, कामाचा मुद्दा. महिन्याला आठ डबे घेणारा गिऱ्हाईक आहे, १२० लिटर, म्हणजे तुमची जवळजवळ निम्मी विक्री. तो म्हणतो, "मला २६० ने द्या. कसं बसवायचं ते तुम्ही बघा, मी काही विचारणार नाही."

'मी विचारणार नाही' हे वाक्य ऐकलं की कान टवकारा. तो तुम्हाला मिसळायला सांगतोय, जबाबदारी तुमच्यावर टाकून. २६० ने शुद्ध दिलं तर लिटरला ३० चा तोटा, महिन्याला ३,६०० रुपये. म्हणून उत्तर आधीच तयार ठेवा, पाठ करा, आरशासमोर म्हणून बघा : "दादा, या भावात माझं तेल बसत नाही. तुम्हाला तळणाला स्वस्त तेल हवंय तर रिफाइंड घ्या, दुकान मी सांगतो. फोडणीला आणि चटणीला माझं दोन डबे घ्या." भांडण नाही, उपदेश नाही, त्याची सोयही झाली. आठातले दोन राहिले तरी ते तुमच्या भावाने राहिले.

आणि तुम्हाला खरंच स्वस्त माल विकायचा असेल तर मिश्र खाद्यतेल हा कायद्याने वेगळा प्रकार आहे. त्याचे प्रमाणाचे आणि अ‍ॅगमार्कचे नियम आहेत, कोणती तेलं किती आहेत ते लेबलवर लिहावं लागतं. लिहून विकलं की तो धंदा, लपवून विकली की ती भेसळ.

पुण्याला कधी गेलात तर कॅम्पातलं लाल देऊळ बघून या. लाल विटांचं, उंच मनोऱ्याचं ते देऊळ म्हणजे ओहेल डेव्हिड सिनेगॉग, डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलेलं, १८६७ मध्ये पूर्ण झालेलं. ससून बगदादकडचे, मोठे व्यापारी. आपल्या शनवार तेल्यांच्या समाजाचं प्रार्थनास्थळ रास्ता पेठेत आहे, सुक्काथ शेलोमो, १९२१ चं. बरंच साधं. आत जायचं तर आधी परवानगी घ्यावी लागते, आणि शनिवारी प्रार्थना असते तेव्हा बघे म्हणून जाऊ नका.

पुढच्या भागात लेबल कसं छापायचं ते दाखवतो. तोपर्यंत एक काम करा. शेडमध्ये जा, कोपऱ्यातला तो डबा उचला, घरी नेऊन ठेवा. आणि डबा हलवताना घरच्यांनी "का?" विचारलं तर काय उत्तर दिलंत, ते मला खाली लिहून कळवा.